कालची प्रत: संगणकांतील स्नॅपशॉट आणि त्यांची व्यवस्था

पाटीवर लिहिलेलें अक्षर पुसलें तरी त्याचा पुसट माग पाटीवर राहतो. संगणकांतील अक्षराची गोष्ट निराळी आहे. तेथें एका फाइलीवर दुसरी फाइल लिहिली गेली कीं सामान्य माणसाच्या दृष्टीनें पहिलीचा मागमूसहि उरत नाहीं; आणि चुकीच्या आज्ञेनें पुसलें गेलेलें वर्षभराचें काम परत आणण्यास नुसता पश्चात्ताप उपयोगी पडत नाहीं. आज घरोघरचे हिशेब, मुलांचे फोटो, वकिलांचीं कागदपत्रें, डॉक्टरांच्या नोंदी, बँकांचीं खातीं हें सर्व डिस्क नांवाच्या साठवणीवर विसावलेलें आहे. म्हणून 'काल दुपारीं ही फाइल जशी होती तशी परत द्या' असें संगणकाला सांगतां येणें ही चैनीची बाब राहिली नसून नित्य व्यवहाराची गरज झाली आहे. ती गरज भागविण्यासाठीं जी युक्ति योजलेली आहे तिला स्नॅपशॉट म्हणतात. ती युक्ति चालते कशी, आणि तिच्यापासून लाभ व्हावा व उपद्रव होऊं नये यासाठीं तिची निगा कशी राखावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषयाचें महत्त्व ध्यानांत येण्यास घडलेली एकच हकीकत पुरेशी आहे. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींचें काम सांभाळून ठेवणारी एक प्रसिद्ध कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तिच्या एका कर्मचाऱ्यानें दुय्यम यंत्रावरील डेटाबेसची जागा साफ करण्यासाठीं एक आज्ञा दिली. परंतु ती चुकून मुख्य यंत्रावर दिली गेली. एकदोन सेकंदांतच चूक उमगून त्यानें हात आवरला. तेवढ्या अवधींत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं अवघे ४.५ गिगाबाइट शिल्लक उरले होते. पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. रोज आपोआप घेतल्या जाणाऱ्या प्रती पाहूं गेले, तों त्या तयारच होत नव्हत्या असें आढळलें. प्रत घेणारा प्रोग्रॅम एका आवृत्तीचा आणि डेटाबेस दुसऱ्या आवृत्तीचा, त्यामुळें प्रत्येक वेळीं काम फसत होतें. आणि काम फसल्याचें कळविणारीं ई-मेल पत्रें कोणाच्या हातीं पडतच नव्हतीं. अखेर कामास आला तो एक स्नॅपशॉट. सुमारें सहा तास आधीं एका कर्मचाऱ्यानें चाचणीच्या कामासाठीं तो हातानें घेऊन ठेवला होता. त्यावरून सर्व कारभार पुनः उभा करण्यांत आला. मधल्या सहा तासांचें काम मात्र गेलें तें गेलेंच. कंपनीनें स्वतः प्रसिद्ध केलेल्या वृत्तांताप्रमाणें फार तर ५,००० प्रकल्पांना, तितक्याच टिपणांना आणि सुमारें ७०० नव्या सभासदांच्या नोंदींना त्याची झळ लागली.

या एका हकीकतींत विषयाच्या दोन्ही बाजू आहेत. स्नॅपशॉट केवढ्या मोठ्या संकटांतून तारूं शकतो, ही एक बाजू. आणि तो तारक स्नॅपशॉट नियमानें नव्हे तर योगायोगानें हातीं सांपडला, ही दुसरी. साधन चांगलें असणें आणि त्याची व्यवस्था चांगली असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

स्नॅपशॉट हा शब्द छायाचित्रकलेंतून आला. चालत्याबोलत्या मंडळींचें एका क्षणीं टिपलेलें चित्र, असा त्याचा अर्थ. संगणकाच्या साठवणींत एका क्षणीं जें कांहीं होतें त्या सगळ्याचें तसेंच चित्र टिपून ठेवणें, हें या युक्तीचें काम. वरवर पाहतां हें अशक्य वाटतें. डिस्कवर १,००० गिगाबाइट मजकूर असेल तर त्याची दुसरी प्रत उतरविण्यास कित्येक तास लागतील आणि तेवढीच दुसरी जागाहि लागेल. शिवाय उतरविण्याचें काम चालू असतांना मूळ मजकूर बदलत राहील, आणि प्रतींतील कांहीं भाग सकाळचा तर कांहीं दुपारचा असा घोटाळा होईल. प्रत्यक्षांत मात्र स्नॅपशॉट कांहीं सेकंदांत, बहुधा त्याहूनहि लवकर, तयार होतो. आणि तयार होतांना तो जवळजवळ कांहींच जागा घेत नाहीं. हें कसें घडतें तें समजण्यास डिस्कवर मजकूर कसा मांडलेला असतो याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

डिस्कवर फाइल म्हणजे एक बांधलेला गठ्ठा नव्हे. तिचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात; त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकांत पुष्कळदां ४ किलोबाइट मजकूर मावतो. कोणत्या फाइलीचा कोणता ब्लॉक डिस्कवर कोठें आहे, याची अनुक्रमणिका निराळी ठेवलेली असते. ती अनुक्रमणिकाहि ब्लॉकांतच लिहिलेली असल्यामुळें तिची दुसरी अनुक्रमणिका, दुसरीची तिसरी, असें करीत करीत शेवटीं सर्वांच्या वर एकच ब्लॉक उरतो. त्याला मूळ म्हणतात. वर मूळ आणि खालीं शाखा अशा वृक्षाची कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नाहीं. संगणकाची फाइल-व्यवस्था हा तसाच एक वृक्ष आहे. मुळापासून निघालें कीं फांदीफांदीनें कोणत्याहि पानापर्यंत पोंचतां येतें.

मजकूर बदलावयाचा झाला कीं जुनी पद्धति जुन्या ब्लॉकावरच नवा मजकूर लिहीत असे. नव्या पद्धतीचा नियम याच्या उलट आहे. एकदां लिहिलेल्या ब्लॉकाला पुनः हात लावावयाचा नाहीं. नवा मजकूर मोकळ्या जागीं नव्या ब्लॉकांत लिहावयाचा. त्याचा पत्ता बदलला म्हणून त्याच्या वरचें अनुक्रमणिकेचें पान नव्या जागीं नवें लिहावयाचें. त्या पानाचा पत्ता बदलला म्हणून त्याच्याहि वरचें पान लिहावयाचें. आणि असें चढत जाऊन शेवटीं नवें मूळ स्थापावयाचें. सचोटीचा कारकून कीर्दींतील चुकलेली नोंद खरवडून काढीत नाहीं. नव्या ओळींत दुरुस्तीची नोंद करतो. तोच हा शिरस्ता. संगणकशास्त्रांत याला कॉपी-ऑन-राइट असें नांव आहे.

नवें मूळ स्थापल्यावर जुन्या मुळाचें काय करावयाचें? सामान्यतः त्याला रजा देतात, आणि ज्या जुन्या ब्लॉकांचा नव्या वृक्षाशीं संबंध उरला नाहीं त्यांची जागा मोकळी करतात. स्नॅपशॉट घेणें म्हणजे एवढेंच, कीं जुन्या मुळाला रजा द्यावयाची नाहीं. तें मूळ जपून ठेवलें कीं त्याच्याखालचा सबंध वृक्ष त्या क्षणीं होता तसा जपला जातो. जुन्या व नव्या वृक्षांचीं बहुतेक पानें समाईकच राहतात. जेथें बदल झाला तेवढ्याच फांद्या निराळ्या होतात. हजार गिगाबाइटांच्या साठवणींत दिवसभरांत दोन गिगाबाइट मजकूर बदलला, तर कालचा स्नॅपशॉट आणि आजची स्थिति या दोहोंना मिळून सुमारें १,००२ गिगाबाइट जागा लागते. २,००० लागत नाहीं.

दुसरीहि एक पद्धति आहे. लिनक्समधील एलव्हीएम या व्यवस्थेचे जुन्या घाटाचे स्नॅपशॉट त्या पद्धतीचे असतात. तेथें चालू मजकूर आपल्या जागेवरच बदलतो. मात्र नवें लिहिण्यापूर्वीं त्या ब्लॉकांतील जुना मजकूर उचलून एका राखीव जागेंत नेऊन ठेवतात. युक्ति सोपी आहे, परंतु तिचे दोन तोटे आहेत. प्रत्येक ब्लॉकाच्या पहिल्या बदलाच्या वेळीं जास्तीचें वाचणें व लिहिणें पडतें, म्हणून स्नॅपशॉट असेपर्यंत काम मंदावतें. आणि राखीव जागा भरून गेली तर तो स्नॅपशॉटच निकामी होतो. अशा स्नॅपशॉटचा थोड्या वेळापुरता आधार घ्यावा, त्यावरून प्रत उतरवून ठेवावी आणि त्याला निरोप द्यावा. महिनोन् महिने राखावयाचे स्नॅपशॉट पहिल्या पद्धतीचेच असावेत.

ही कल्पना कालपरवाची नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत प्लॅन ९ नांवाची संगणक-व्यवस्था तयार झाली. तिचा फाइल-सर्व्हर रोज पहाटे पांच वाजतां सर्व साठवणीचें चित्र टिपून तें एकदांच लिहितां येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर उतरवीत असे. वर्ष, महिना व तारीख यांवरून जुनें चित्र उघडून आपली जुनी फाइल कोणासहि पाहतां येई. तबकडी पुसतां येतच नसल्यामुळें काय ठेवावें आणि काय टाकावें हा प्रश्न तेथें उद्भवलाच नाहीं. तो उद्भवला पुसतां येणाऱ्या डिस्कवर. १९९४ सालीं डेव्ह हिट्झ, जेम्स लाउ आणि मायकेल माल्कम यांनीं नेटवर्क अप्लायन्स कंपनीच्या वॅफल या फाइल-व्यवस्थेचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें सन मायक्रोसिस्टिम्स कंपनींत जेफ बॉनविक व मॅथ्यू आरेन्स यांच्या पुढाकारानें झेडएफएस तयार झाली आणि २००५ सालीं तिचा मूळ प्रोग्रॅम सर्वांना खुला झाला. लिनक्ससाठीं क्रिस मेसन यांनीं २००७ सालीं बीटीआरएफएसचें काम सुरू केलें व २००९ सालीं ती लिनक्सच्या गाभ्यांत दाखल झाली. २०१७ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या यंत्रांत एपीएफएस आणली. अशा रीतीनें प्रयोगशाळेंतील ही युक्ति घरच्या टेबलापर्यंत येऊन पोंचली.

अनेक वृक्ष एकाच रानांत वाढूं लागले म्हणजे कोणती जागा मोकळी समजावी हा हिशेब अवघड होतो. वॅफलनें त्यासाठीं शाळेच्या हजेरीपटासारखा तक्ता ठेवला. प्रत्येक ब्लॉकाची एक ओळ, त्या ओळींत ३२ घरें. पहिलें घर चालू स्थितीचें, पुढचीं घरें एकेका स्नॅपशॉटचीं. ज्या वृक्षांत तो ब्लॉक असेल त्याच्या घरांत खूण करावयाची. स्नॅपशॉट घेणें म्हणजे पहिल्या रकान्यांतील खुणा दुसऱ्या रकान्यांत उतरविणें. स्नॅपशॉट काढणें म्हणजे त्याचा रकाना कोरा करणें. सबंध ओळ कोरी झाली तरच ब्लॉक मोकळा. हिशेब स्वच्छ होता, पण घरें मोजकीं होतीं. म्हणून त्या वेळच्या वॅफलमध्यें एका वेळीं फार तर २० स्नॅपशॉट राहत. विंडोजमध्यें शॅडो कॉपी या नांवाची सोय आहे. तिच्यांतहि समाईक फोल्डरांसाठीं डिस्कच्या एका विभागावर ६४ प्रतींची मर्यादा घातलेली आहे.

झेडएफएसनें हजेरीपट सोडून जन्ममृत्यूची नोंद पत्करली. अनुक्रमणिकेंत ब्लॉकाचा पत्ता लिहितांना शेजारींच त्याची जन्मवेळ लिहून ठेवतात. चालू वृक्षांतून एखादा ब्लॉक गळाला कीं एकच प्रश्न विचारावयाचा: याचा जन्म शेवटच्या स्नॅपशॉटच्या आधींचा कीं नंतरचा? नंतरचा असेल तर त्याला एकाहि स्नॅपशॉटनें पाहिलेलें नाहीं. जागा ताबडतोब मोकळी. आधींचा असेल तर निदान शेवटच्या स्नॅपशॉटनें त्याला धरून ठेवलेलें आहे. त्याचें नांव मृतांच्या यादींत लिहावयाचें. पुढें तो स्नॅपशॉट काढण्याच्या वेळीं सबंध डिस्क धुंडाळावी लागत नाहीं. यादी हातीं घेऊन, ज्यांचा जन्म त्याहून मागील स्नॅपशॉटच्या नंतरचा असेल तेवढे ब्लॉक सोडावयाचे आणि बाकीचीं नांवें पुढील यादींत चढवावयाचीं. थोडक्यांत सूत्र असें: ब्लॉकाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या काळांत जितके स्नॅपशॉट घेतले गेले तितके सर्व त्याला धरून ठेवतात, आणि त्यांतील शेवटला निघून जाईपर्यंत त्याची जागा सुटत नाहीं.

हें सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे या व्यवहारांतील सर्वांत फसवी गोष्ट उलगडते. एक उदाहरण घेऊं. एका गृहस्थानें शनिवारीं घरच्या लग्नाच्या चित्रफिती संगणकावर ठेवल्या. त्यांचे १०० गिगाबाइट झाले. रविवारीं, सोमवारीं व मंगळवारीं रात्रीं एकेक स्नॅपशॉट घेतला गेला. बुधवारीं त्यानें चित्रफिती दुसरीकडे हलवून येथल्या पुसून टाकल्या. मोकळी जागा मात्र तिळभरहि वाढली नाहीं. गृहस्थानें प्रत्येक स्नॅपशॉटच्या नांवावर किती जागा आहे तें पाहिलें. रविवारचा म्हणतो शून्य. सोमवारचा म्हणतो शून्य. मंगळवारचाहि म्हणतो शून्य. मग शंभर गिगाबाइट गेले कोठें?

यांत कोणीहि खोटें बोलत नाहीं. एका स्नॅपशॉटच्या नांवावर संगणक तेवढीच जागा दाखवितो जी त्या एकट्यानें अडविली आहे. हे शंभर गिगाबाइट तिघांनीं मिळून अडविलेले आहेत. एकत्र कुटुंबाची समाईक मिळकत जशी एका भावाच्या नांवावर सांपडत नाहीं, तशी ही जागा एकाच्या नांवावर सांपडत नाहीं. रविवारचा स्नॅपशॉट काढला, कांहीं सुटलें नाहीं. सोमवारचा काढला, तरीहि कांहीं नाहीं. परंतु आतां मंगळवारच्या एकट्याच्या नांवावर शंभर गिगाबाइट दिसूं लागतात, आणि तो काढतांच ते सर्व सुटतात. म्हणून एकेका स्नॅपशॉटचा आंकडा पाहून निर्णय करूं नये. एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतचे सर्व स्नॅपशॉट काढल्यास किती जागा सुटेल, हें विचारावें. प्रत्यक्ष कांहींहि न काढतां झेडएफएस याचें उत्तर आधीं देऊं शकते.

यावरून दिसून येईल कीं स्नॅपशॉट घेणें फुकट असलें तरी ठेवणें फुकट नाहीं. घेतांना कांहीं पडत नाहीं म्हणून माणूस घेतच सुटतो, आणि बिल महिन्यांनंतर एकदम येतें. डिस्क भरत आली म्हणून मालक जुन्या फाइली पुसूं लागतो. पण त्या फाइली स्नॅपशॉटांनीं धरून ठेवलेल्या असल्यामुळें पुसून कांहीं सुटत नाहीं. उलट या पद्धतींत फाइल पुसण्यासाठींहि अनुक्रमणिकेचीं नवीं पानें लिहावीं लागतात, म्हणजे पुसण्यालासुद्धां थोडी मोकळी जागा हवी असते. डिस्क कांठोकांठ भरूं न देणें हा म्हणूनच या घरचा पहिला नियम होय.

दुसरा नियम विरळणीचा. रोपें दाट पेरून मग माळी तीं विरळ करतो, तसें येथें करावयाचें असतें. दर तासाला एक याप्रमाणें वर्षभर स्नॅपशॉट ठेवले तर त्यांची संख्या ८,७६० होते. एवढे कोणासाठीं ठेवावयाचे? चुकीनें पुसलेली फाइल बहुधा त्याच दिवशीं आठवते. कांहीं चुका आठवड्यानें ध्यानांत येतात. हिशेबांतील एखादी चूक वर्षाखेर उघडकीस येते. आजची दुपार तीन वाजतांची कीं चार वाजतांची, हा भेद आज महत्त्वाचा असतो. वर्षापूर्वींच्या एका दुपारचा तो भेद कोणालाहि नको असतो. म्हणून गेल्या दिवसाचे तासागणिक २४, गेल्या महिन्याचे रोजचे ३० आणि गेल्या वर्षाचे महिन्याचे १२ एवढे ठेवावेत. बेरीज ६६ होते, आणि ८,७६० चें बहुतेक काम त्या ६६ त भागतें. ॲपलच्या टाइम मशीन या सोयींत दुसऱ्या डिस्कवरील प्रती याच धोरणानें राखतात: गेल्या चोवीस तासांच्या तासागणिक, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्यामागील काळाच्या आठवड्याच्या, आणि जागा संपली कीं सर्वांत जुनी प्रत प्रथम जाते.

विरळणीनें नेमकें काय सुटतें, हेंहि सूत्रावरूनच कळतें. मधले स्नॅपशॉट काढले कीं अल्पायुषी ब्लॉक सुटतात. सकाळीं दहाला जन्मलेला आणि दुपारीं तीनला गळालेला मजकूर त्या दिवसाच्या मधल्या स्नॅपशॉटांबरोबरच निघून जातो. जो मजकूर दीर्घकाळ राहून मग पुसला गेला, तो मात्र मधले कितीहि स्नॅपशॉट काढले तरी सुटत नाहीं. त्यासाठीं सर्वांत जुन्या टोंकाकडून, तो पुसला गेला त्या दिवसापर्यंत, सर्व स्नॅपशॉट काढावे लागतात. कोणत्या टोंकाला हात घालावयाचा हें नेहमीं असें विचारपूर्वक ठरवावें.

तिसरा नियम वर्गवारीचा. सदा बदलणारी वस्तु आणि जपून ठेवावयाची वस्तु एकाच कपाटांत ठेवूं नयेत. या व्यवस्थांत स्नॅपशॉट सामान्यतः एकेका फाइलीचा नसून साठवणीच्या सबंध विभागाचा घेतला जातो. मग तात्पुरत्या फाइली, ब्राउझरनें जमविलेला पसारा, इंटरनेटवरून उतरवून दोन दिवसांनीं टाकावयाच्या वस्तु, हें सारें पत्रव्यवहार व फोटो यांच्याच विभागांत असलें तर प्रत्येक स्नॅपशॉट त्या कचऱ्यालाहि अमरत्व देत बसतो. अशा पसाऱ्याला वेगळा विभाग द्यावा आणि त्याचे स्नॅपशॉट घेऊंच नयेत, किंवा दिवसभरापुरतेच ठेवावेत.

डेटाबेसला निराळा विचार लागतो. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीं वीज गेली असती तर डिस्कवर जें उरलें असतें तें. चांगले डेटाबेस आपल्या नोंदवहीवरून अशा स्थितींतूनहि सावरतात. परंतु मजकूर आणि ती नोंदवही दोन्हींचें चित्र एकाच क्षणाचें असेल तरच. तीं दोन विभागांत असलीं तर दोन्ही विभागांचा स्नॅपशॉट एकाच वेळीं घ्यावा, अथवा डेटाबेसला आधीं सूचना देऊन हातांतलें काम डिस्कवर उतरवून घ्यावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित दुसरी प्रत नव्हे. दोन्ही वृक्ष एकाच जमिनींत उभे आहेत. जमीनच खचली तर दोन्ही उन्मळून पडतील. डिस्क बिघडली, घराला आग लागली, यंत्र चोरीस गेलें, तर हजार स्नॅपशॉट असूनहि उपयोग नाहीं. खंडणीसाठीं फाइली कुलूपबंद करणारे लोक आज पुष्कळ आहेत. स्नॅपशॉट फक्त वाचण्यापुरता असल्यामुळें सामान्य अधिकाराच्या चोराला तो बिघडवितां येत नाहीं. परंतु यंत्राचा मुख्य अधिकारच चोराच्या हातीं गेला तर तो स्नॅपशॉटहि काढून टाकूं शकतो. म्हणून दुसऱ्या जागीं, दुसऱ्या यंत्रावर, निराळ्या किल्लीखालीं एक प्रत असलीच पाहिजे.

आणि ही दुसरी प्रत पाठविण्याच्या कामींच स्नॅपशॉटचा फार मोठा उपयोग आहे. काल पाठविलेल्या आणि आजच्या स्नॅपशॉटमध्यें जेवढा फरक तेवढाच पाठवावयाचा असतो. तो शोधण्यासाठीं सर्व फाइली ताडून पाहाव्या लागत नाहींत. मुळापासून उतरतांना ज्या फांदीची जन्मवेळ कालच्या स्नॅपशॉटच्या आधींची दिसेल ती फांदी तशीच सोडून द्यावयाची. तिच्याखालीं कांहीं बदललेलें असणें शक्यच नाहीं. परंतु यासाठीं दोन्ही यंत्रांवर एक तरी समाईक स्नॅपशॉट शिल्लक हवा. विरळणीच्या भरांत तोच काढला गेला तर सर्व मजकूर पहिल्यापासून पाठवावा लागतो. झेडएफएसमध्यें अशा स्नॅपशॉटला काढतां येऊं नये अशी अडसर घालतां येते; किंवा पाठविणाऱ्या यंत्रावर त्याची केवळ जन्मवेळ सांगणारी खूण ठेवून, जागा अडविणारा स्नॅपशॉट सोडून देतां येतो. पुढचा फरक शोधण्यास तेवढी खूण पुरते; मात्र घेणाऱ्या यंत्रावर तो स्नॅपशॉट असावाच लागतो.

शेवटीं राहिली ती देखरेख. स्नॅपशॉट घेण्याचें आणि काढण्याचें काम माणसाच्या आठवणीवर सोंपवूं नये. तें वेळापत्रकानें आपोआप व्हावें आणि प्रत्येकाच्या नांवांत तारीख व वेळ असावी. काम फसल्याचा निरोप येण्याची वाट पाहण्यापेक्षां, काम झाल्याचा निरोप रोज येतो कीं नाहीं तें पाहावें; गिटलॅबच्या प्रकरणांत न आलेल्या पत्रांनींच घात केला. आणि महिन्यांतून एकदां तरी एखादी जुनी फाइल स्नॅपशॉटमधून, व दुसरी एखादी दूरच्या प्रतींतून, खरोखर बाहेर काढून उघडून पाहावी. ज्या प्रतींतून फाइल परत काढून पाहिलेली नाहीं, ती प्रत आहे असें धरून चालूं नये.

ज्यांच्या घरीं संगणक आहे त्यांनीं या आठवड्यांत एवढेंच करावें. आपल्या यंत्रावर ही सोय चालू आहे काय, किती दिवसांच्या प्रती राखल्या जातात, त्यांनीं एकंदर किती जागा अडविली आहे, आणि त्या डिस्कबाहेर दुसरी प्रत कोठें आहे, या चार प्रश्नांचीं उत्तरें एका कागदावर लिहून काढावींत. ज्या प्रश्नापुढें जागा कोरी राहील तेथून कामास सुरुवात करावी.